दुष्काळ आणि रेशनची पिशवी

पाऊस पडला नाही तर पीक येत नाही. हे तुम्हांला मी सांगायला नको. तुम्ही शेतात राबणारी माणसे. आभाळ बघून बघून तुमचे केस पिकले. मी एक दुसराच प्रश्न विचारतो. जिथे वीतभरही शेत नाही, तिथे चूल रोज कशी पेटते? आणि दुष्काळ आला, की ज्या गावात शेत आहे, त्याच गावाची चूल आधी का विझते?

मी हे दोन्ही पाहिले आहे. म्हणून सांगतो.

माझे लहानपण मुंबईत लालबागला गेले. वडील परळच्या एका गिरणीत साचे चालवीत. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. गावी चुलते, चुलती, त्यांची दोन मुले आणि आजी. चुलत्यांना आम्ही नाना म्हणायचो. रान आठ एकर, सगळे कोरडवाहू. मुंबईत आम्ही पाच माणसे आणि दहा फूट रुंद, बारा फूट लांब अशी एक खोली.

लालबाग, परळ, दादर, गिरगाव. मुंबईच्या या भागांत ज्वारीचे एक कणीस पिकत नाही. पाऊस म्हणाल तर माणाच्या चौपट. पण तो सारा गटारांतून समुद्राला मिळतो. आणि १९७१ सालच्या शिरगणतीत मुंबईची वस्ती साठ लाखांच्या घरात होती. एवढ्या माणसांनी रोज खायचे काय?

हिशेब करून बघू. पाटी-पेन्सिल घ्या. अंगमेहनत करणारा माणूस दिवसाला अर्धा किलो धान्य खातो. लहान मुले कमी खातात. पण आपण सगळ्यांना अर्धा किलो धरू. म्हणजे दोन माणसांना एक किलो. साठ लाख माणसांना तीस लाख किलो. एक पोते शंभर किलोचे धरले, तर तीस हजार पोती. दहा टनांच्या एका मालमोटारीत अशी शंभर पोती बसतात. म्हणजे तीनशे मोटारी झाल्या. बरे, हे एका दिवसाचे. उद्या पुन्हा तीनशे पाहिजेत.

आता तुमच्या घराचा हिशेब करा. घरात माणसे पाच. दिवसाला अडीच किलो. वर्षाला नऊ पोती. कोरडवाहू रानात एकरी तीन पोती ज्वारी झाली, तरी आपण देवाला नारळ फोडतो. म्हणजे तीन एकर रान नुसते पोटाला लागले. बियाणे, मीठमिरची, कापडचोपड, औषधपाणी, सावकाराचे देणे, हे सगळे त्याच्यावर.

मुंबईचे हे धान्य येत कुठून होते? पूर्वी बरेचसे बोटीने येई. ब्रह्मदेशाचा तांदूळ मुंबईच्या गोदीत उतरे. १९४२ साली महायुद्धात जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो तांदूळ बंद झाला. मग १९४३ साली सरकारने मुंबईत रेशन सुरू केले. कार्डावर जेवढी नावे, तेवढे धान्य. भाव सरकारने बांधून दिलेला. शेठजी असो की हमाल, रांग एकच. निदान कागदावर तरी एकच.

त्याच १९४३ साली तिकडे बंगालमध्ये काय झाले ते ऐका. तिथे वीस ते तीस लाख माणसे भुकेने आणि भुकेमागून येणाऱ्या रोगांनी मेली. मरणारी माणसे कोण होती? शेतमजूर, कोळी, नावाडी, कुंभार, सुतार. म्हणजे खेड्यातली हातावर पोट असणारी माणसे. कलकत्ता शहरात कारखान्यांतल्या आणि कचेऱ्यांतल्या नोकरांना स्वस्त धान्य मिळत होते. शहराबाहेर तांदळाचा भाव काही महिन्यांत दुपटी-तिपटीने चढला. मजुरी होती तेवढीच राहिली. काहींची तर तीही गेली. भात पिकवणारा माणूस कलकत्त्याच्या रस्त्यावर येऊन पेजेचे पाणी मागत मेला.

अमर्त्य सेन तेव्हा नऊ वर्षांचे होते. ते बंगालचेच. त्यांनी ही माणसे डोळ्यांनी पाहिली. पुढे ते अर्थशास्त्राचे मोठे पंडित झाले. १९९८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी जुने आकडे काढून तपासले. त्यांचे म्हणणे असे, की १९४३ साली बंगालमध्ये १९४१ पेक्षा धान्य कमी नव्हते. धान्य होते. ते विकत घेण्याची ताकद गरिबाच्या हातातून गेली होती. हे म्हणणे सगळ्याच पंडितांना मान्य नाही. पण मला ते पटते. कारण १९७२ साली तेच मी आमच्या घरात पाहिले.

तुम्ही नीट आठवा. पाऊस गेला, की गावात सर्वांत आधी काय जाते? कणगीतले धान्य नंतर संपते. आधी काम संपते. पीक नाही म्हणून खुरपणी नाही, काढणी नाही, मळणी नाही. मजुराला कोणी हाक मारीत नाही. शेतकऱ्याकडे पैसा नाही, म्हणून सुताराकडे कोणी औत भरायला नेत नाही. लोहाराचा भाता थंड. शिंप्याकडे कापड येत नाही. न्हाव्याला बलुते नाही. एका पावसाने इतक्या जणांची मिळकत बुडते.

मग घरात जे असेल ते विकायला काढायचे. बैल विकायला न्यावा, तर बाजारात बैलच बैल. ज्याला त्याला विकायचा आहे, वैरण कुणाकडेच नाही. म्हणून बैलाचा भाव पडतो. त्याच बाजारात ज्वारी घ्यायला जावे, तर ज्याला त्याला ती घ्यायची आहे. म्हणून ज्वारीचा भाव चढतो. विकताना स्वस्त आणि घेताना महाग. या दोन दगडांमध्ये दुष्काळातला माणूस भरडला जातो. आमच्या नानांनी म्हसवडच्या बाजारात बैलजोडी विकली. त्या पैशांत घरात आलेले धान्य दिवाळीपर्यंतही पुरले नाही.

१९७२ चा दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. त्याच्या आधीची दोन वर्षेही महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत ओढीची गेली होती. १९७२ साली मृगही कोरडा गेला आणि पुढे हस्ताचा पाऊसही आला नाही. रब्बीची ज्वारी हस्ताच्या ओलीवर येते. काळी जमीन ती ओल धरून ठेवते, म्हणून पुढे पाऊस नसला तरी पीक तगते. पण धरून ठेवायला ओल तर पाहिजे? सोलापूर, अहमदनगर (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात), बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद, सांगली, पुणे आणि साताऱ्याचा पूर्वभाग. या टापूत रानेच्या राने उजाड पडली.

दिवाळीनंतर नाना, काकी आणि दोन पोरे आमच्या खोलीत आली. आजी आली नाही. "उंबऱ्याला कुलूप लावून मला कुठं जायचं न्हाई," म्हणाली. शेजारणीच्या आधाराने राहिली. वडील दर महिन्याला तिला मनिऑर्डर करीत. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत दोन लाखांच्या आसपास कामगार होते. त्यांतले बहुतेक कोकणातले आणि घाटावरचे. पगाराच्या दिवशी लालबाग-परळच्या पोस्टांत मनिऑर्डरीची रांग लागे. घाटावरच्या किती गावांनी तो दुष्काळ या रांगेवर काढला असेल, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

नानांना गिरणीत बदली काम मिळेना. मग ते मस्जिद बंदरजवळच्या दाणाबंदरात जाऊ लागले. तेव्हा मुंबईचा धान्याचा मोठा बाजार तिथे होता. मिळेल त्या दिवशी पाठीवर पोती वाहायची. पंजाबचा गहू, कुठली कुठली डाळ. रात्री परत आले, की सदऱ्यात अडकलेले दाणे झाडून ओंजळीत धरीत आणि काकीला दाखवीत. हसत. काकी हसत नसे.

आता रेशनची गोष्ट. आमच्या कार्डावर नावे पाच आणि जेवायला माणसे नऊ. नानांचे कार्ड गावचे. ते मुंबईत चालत नव्हते. पहाटे पिशवी घेऊन रांगेत मी उभा राही. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. रेशनवर मिलो मिळे. मिलो म्हणजे अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरे आणि गार झाली की लाकडासारखी होई. आई त्यात थोडे गव्हाचे पीठ मिसळी. नावे ठेवून आम्ही ती खाल्ली. पण खाल्ली. आमच्या गल्लीतला एक दुकानदार मापात मारी. त्याला बोलायची कोणाची छाती नव्हती, कारण पुढच्या महिन्याला पुन्हा त्याच्याच दारात जायचे होते.

परदेशाचे धान्य खायची आपल्यावर ती पहिली वेळ नव्हती. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे देशात दुष्काळ पडला होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी रात्रीचे जेवण सोडायला सांगितले होते. गिरगाव-दादरकडची हॉटेलेसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहात, असे वडील सांगत. एका १९६६ सालात आपण सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले. बराचसा अमेरिकेचा गहू. तुमच्या बांधावर जे गाजरगवत माजते ना, तेही त्या गव्हाबरोबर आले असे म्हणतात. फुकटात काही येत नाही, ते असे!

पण त्यानंतर गव्हाचे नवे बियाणे आले. पंजाब-हरयाणात पाणी होते, तिथे गहू वाढला. १९६५ साली केंद्राने अन्न महामंडळ काढले. त्याचे काम हे, की जिथे पिकते तिथे घ्यायचे, कोठारात ठेवायचे आणि जिथे नाही तिथे धाडायचे. आपल्याकडे १९६४ पासून हायब्रीड ज्वारी आली. दाणा भरपूर देई. पण ताट बुटके, कडबा कमी. आणि कणसात पाऊस शिरला की दाणा काळा पडे. शेतकरी काही वेडा नव्हता. त्याला दाणाही पाहिजे आणि बैलाला वैरणही पाहिजे. म्हणून रब्बीला आपली मालदांडी टिकून राहिली. ती मोहोळच्या केंद्रावर निवडलेली, पाण्याचा ताण सोसणारी.

भाव चढले तेव्हा मुंबईतल्या बायका रस्त्यावर आल्या. १९७२ साली महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा बाया पुढे होत्या. त्यांचे पक्ष वेगवेगळे, पण पोटासाठी एक झाल्या. त्यांनी लाटण्यांचे मोर्चे काढले, थाळ्या वाजवल्या. आमच्या चाळीतल्या बायकाही लाटणे घेऊन गेल्या. काकी प्रथम नको म्हणाली. गावाकडे बाई चावडीसमोरूनसुद्धा मान खाली घालून जायची. मग तीही गेली. परत आली ती घसा बसवून. म्हणाली, "मोप वरडून आले बाई!"

माघाच्या सुमारास गावाहून निरोप आला. गावाजवळ दुष्काळी काम निघाले होते. खडी फोडायची, रस्ता करायचा, पाझर तलावाची माती वाहायची. जो येईल त्याला काम. दिवसाच्या कामावर मजुरी. नाना वडिलांना म्हणाले, "दादा, हितं तुमच्या ताटातलं खातूय. तिकडं काम हाय म्हनत्यात. जातो." दोघे गेले. पोरे शिमग्यापर्यंत आमच्याकडे राहिली.

माणसे त्या कामांना नुसती नावेच ठेवतात. म्हणून नीट सांगतो. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. पन्नास लाख! जवळजवळ सगळी मुंबई हातात फावडे घेऊन रानात उभी राहिल्यासारखे. मजुरी थोडी होती. ती उशिरा मिळे. काकीच्या तळहाताला घट्टे पडले, एक बोट खडीखाली ठेचले ते शेवटपर्यंत वाकडे राहिले. लहान मुलांना कामावर सुकडी मिळे. पण आठवड्याच्या शेवटी हातात रोकड येई. रोकड आली, की बाजारात ज्वारी घेता येई. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर व्यापारीही बाहेरून धान्य आणी. पाण्याला जसा उतार पाहिजे, तशी धान्याला रोकड पाहिजे.

त्या वर्षी महाराष्ट्रात पीक बुडाले, जनावरे गेली, माणसे हाडकुळी झाली. पण बंगालसारखे मरण आले नाही. त्याच सुमारास, म्हणजे १९७३ साली, आफ्रिकेत इथिओपिया देशात दुष्काळ पडला. तिथल्या वोलो प्रांतात हजारो माणसे उपाशी मेली. देशाच्या दुसऱ्या भागांत धान्य होते. वोलोतल्या शेतकऱ्याकडे ते घ्यायला पैसा नव्हता. त्या भुकेल्या प्रांतातूनच काही धान्य राजधानीकडे विकायला गेले. कारण घेणारे तिकडे होते.

आपल्याकडे काम मिळाले, हे कोणी दयेपोटी केले असे समजू नका. त्यामागे एक विचार होता. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला. खेड्यातला माणूस काम मागेल, तर सरकारने त्याला काम द्यावे. तीच पुढे रोजगार हमी योजना झाली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणे हा हक्क झाला. २००५ साली सबंध देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचे मूळ इथे आहे.

या योजनेला पैसा कुठून आला? इथे मुंबईचा संबंध पुन्हा येतो. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. नोकरदार, वकील, डॉक्टर, दुकानदार यांच्या मिळकतीतून थोडी रक्कम घ्यायची आणि ती रोजगार हमीला लावायची. मी शिक्षक झालो, तेव्हा माझ्याही पगारातून तो कर कापला जाई. शिक्षकांच्या खोलीत सगळे त्याबद्दल कुरकुरत. मी गप्प बसे. मला काकीचे वाकडे बोट आठवे.

आता आजचे दोन शब्द. १९७२ ला माणसे म्हणत, प्यायला पाणी मिळते, दाणा मिळत नाही. आता उलटे झाले आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. दुकानात धान्य होते, नळाला पाणी नव्हते. बहात्तरनंतर आपण बोअर मारीत सुटलो. पाणी लागले तिथे ऊस लावला, ज्वारीचे रान कमी केले. पाझर तलाव गाळाने भरले, ते उपसायला कोणाला सवड नाही. हे चुकले असे मला वाटते. तुमचे मत निराळे असू शकते. उसाला भाव मिळतो, ज्वारीला मिळत नाही, हे मलाही कळते.

रेशनचे मात्र नीट समजून घ्या. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. या कायद्यात ज्यांची नावे आहेत, त्यांना दर महिन्याला माणशी पाच किलो धान्य मिळते. अंत्योदयाचे कार्ड असेल, तर एका घराला पस्तीस किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. माणशी पाच किलो म्हणजे दहा दिवसांचे. वर आपण केलेला हिशेब आठवा. उरलेले वीस दिवस मजुरीवरच काढायचे आहेत.

आणखी एक. नानांचे कार्ड मुंबईत चालले नव्हते. आता या कायद्यातले कार्ड दुसऱ्या गावी चालते, दुसऱ्या राज्यातही चालते. ऊसतोडीला गेलात, बांधकामावर मुंबईला आलात, तर तिथल्या रेशनच्या दुकानात कार्डाचा नंबर सांगा. निम्मे घर गावी आणि निम्मे बाहेर असेल, तर बाहेर गेलेल्यांनी आपल्यापुरते उचलावे. उरलेले गावी मिळते. दुकानदार नाही म्हणाला, तर तालुक्याच्या पुरवठा कचेरीत तक्रार करता येते. दुकानात यंत्रावर बोट ठेवावे लागते. तुम्ही इतक्या कष्टाने सही शिकलात आणि तिथे पुन्हा अंगठाच! असो. यंत्रातून पावती येते. ती मागून घ्या. त्यावर किती किलो लिहिले आहे ते वाचा आणि पिशवीत तेवढे आहे का बघा. आमच्या आईला वाचता येत नव्हते. म्हणून मापात मारणाऱ्याचे फावले.

१९७३ ला पाऊस चांगला झाला. आषाढात नानांचे कार्ड आले. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेले. आई, वडील आणि मी खोलीच्या दारात उभे राहून ते वाचले. बाहेर लालबागच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी तुंबले होते. नानांनी लिहिले होते, पाऊस झाला. बैल उसने आणून बाजरी पेरली. आजी बरी आहे. पुढच्या महिन्याला मनिऑर्डर थोडी कमी केली तरी चालेल, थोरल्याला शाळेची चड्डी घ्या.